डोंबिवली ते नागपूर: नक्की किती लांब?

प्रश्न: आई नागपूरला एकटी असते आणि मी डोंबिवलीत. मुंबई नागपूर अंतर शोधलं तर कुठे ६९० किमी, कुठे ७०१ तर कुठे ८३७ दिसतं. विमान ताशी ८०० ने जातं म्हणतात, मग तिकिटावर दीड तास का? रात्री अचानक फोन आला तर मी किती वेळात पोचेन ते जरा सांगा ना.
– एक वाचक, डोंबिवली

उत्तर: अहो तिन्ही आकडे बरोबरच आहेत, वाटा वेगळ्या आहेत इतकंच. ६९० च्या आसपास म्हणजे सरळ रेषेतलं, हवाई अंतर. ८३७ रेल्वेचं, सीएसएमटीपासून, कारण गाडी कसारा घाट चढून नाशिक, मनमाड, जळगाव करत भुसावळपर्यंत वर जाते आणि मग अकोला, बडनेरा, वर्धा असं करत नागपूर गाठते. आणि ७०१ म्हणजे समृद्धी महामार्ग, पण तो मुंबईत सुरूच होत नाही हो, भिवंडीजवळ आमण्याला सुरू होतो, तिथपर्यंतचं अंतर वेगळं धरायचं.

आता विमानाचं. तिकिटावरची वेळ म्हणजे विमान जागेवरून हललं तिथपासून नागपूरला जाऊन उभं राहीपर्यंतची, नुसती उडण्याची नाही. मुंबईच्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात त्यामुळे एका वेळी एकच वापरतात, मग रांग लागते, आणि बहुतेक वेळा विमान आधी पश्चिमेला समुद्रावर जातं, वळतं आणि मग पूर्वेची वाट धरतं. शिवाय ८०० चा वेग वर गेल्यावरचा, चढताना उतरताना तो बराच कमी असतो. थंडीत वरचे वारे पश्चिमेकडून वाहतात त्यामुळे जाताना मदत होते आणि परत येताना थोडं जास्त लागू शकतं.

पण तुमचा खरा प्रश्न आईपर्यंत पोचण्याचा आहे ना, मग घर ते घर मोजा. डोंबिवलीहून अंधेरीचं विमानतळ दीड ते दोन तास, तिथे दीड दोन तास आधी हजर राहायचं, विमानाचा दीड तास, आणि नागपूरचं विमानतळ शहरातच वर्धा रोडला असल्यामुळे पुढे अर्धा पाऊण तास. झाले सहा तास, तेही लगेच विमान असेल तर. रात्री उशिरा फोन आला तर सकाळच्या विमानापर्यंत थांबावं लागेल. (तिकीट काढताना विमानतळाचं नाव नक्की बघा, आता नवी मुंबईचंही आहे आणि तुम्हाला ते सोयीचं पडू शकतं.)

समृद्धी ५ जून २०२५ ला पूर्ण सुरू झाला आणि आमणे तुम्हाला जवळ, त्यामुळे गाडीने आठ-नऊ तासात पोचता येतं. म्हणजे फरक तुम्हाला वाटतो तेवढा नाही. पण काळजीत असताना रात्री एकट्याने गाडी चालवू नका, हे मी अगदी मनापासून सांगते, तो रस्ता सरळसोट आहे आणि डोळा लागायला वेळ लागत नाही. सोबत दुसरा चालवणारा असेल तरच निघा.

फोन संध्याकाळी आला तर विदर्भ एक्सप्रेस बघा, ती कल्याणला थांबते, रात्रभर झोपून सकाळी नागपूर. आणि तुम्ही पोचेपर्यंतचे हे तास आईजवळ कोण थांबेल, शेजारी की नात्यातलं कुणी, त्यांच्याशी आजच बोलून ठेवा, घराची एक किल्लीही त्यांच्याकडे द्या.