जिरॅनियमची काठी झाली, आता काय?

पावसाळा संपत आला की जिरॅनियमबद्दलची पत्रं वाढतात. चार महिने ढगाळ उजेडात घरात काढलेलं रोप आत्ता कुठे नीट बघितलं जातं, आणि ते काटकुळं झालेलं दिसतं. या वेळी त्यांतलेच काही प्रश्न घेते आहे.

प्रश्न : दोन वर्षांपूर्वी नर्सरीतून आणलेलं जिरॅनियम आता दीड फूट उंच झालंय. खाली नुसत्या उघड्या काड्या, पानं फक्त शेंड्याला. छाटलं तर मरेल का? (पुणे)

मरणार नाही. पण छाटलं नाही तर ते असंच वर वर जात राहील.

कोवळ्या शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होतं. ते खोडातून खाली उतरतं आणि प्रत्येक पेरापाशी असलेल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की हा दाब जातो आणि खालचे डोळे फुटतात. एका काडीच्या दोन-तीन होतात त्या अशा.

काडी बोटांत धरून बघा. जिथे पान गळल्याची खूण आणि कड्यासारखी रेघ दिसेल, ते पेर. खालून दोन-तीन पेरं ठेवा आणि वरच्या पेरापासून अर्धा सेंटीमीटर वर, स्पिरिटने पुसलेल्या धारदार कात्रीने कापा. कोपऱ्यातला डोळा बाहेरच्या बाजूला बघत असेल असं पेर निवडलंत तर फांदी बाहेर पसरते, मध्ये गर्दी होत नाही. खोड तपकिरी, लाकडासारखं झालं असेल तर सगळ्या काड्या एकदम कापू नका. आज निम्म्या कापा, त्यांना फूट दिसली की उरलेल्या. पुण्यात मी हे काम सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये करते. पुढे थंडी असते आणि जिरॅनियमला तीच मानवते. भर पावसात कापलेली जागा कुजते.

छाटल्यावर पाणी निम्म्यावर आणा, कारण पानंच उरलेली नसतात. नवी फूट बोटभर झाली की तिचाही शेंडा नखाने खुडा. बहुतेक जण इथेच थांबतात, आणि झुडूप भरतं ते या दुसऱ्या खुडणीने. फुलं दीड-दोन महिने लांबतील, ते सोसा.

प्रश्न : मी वर्षात दोनदा छाटलं. फूट येते, पण तीही लांबोडकी आणि फिकट. कुंडी दक्षिणेच्या खिडकीपासून चार-पाच फुटांवर आहे, तिथे भरपूर उजेड असतो. (ठाणे)

‘भरपूर उजेड’ हा आपल्या डोळ्यांचा अंदाज असतो. खोलीत शिरलं की आपली बाहुली मोठी होते आणि खोली उजळ वाटते. झाडाला तशी सोय नाही. खिडकीपासून चार-पाच फुटांवर उजेड काठावरच्या मानाने फारच थोडा उरतो, म्हणून रोप दोन पेरांमधलं अंतर लांबवत उजेड गाठायला धावतं. अशा जागी कात्री चालवलीत तर तुम्हाला एका काटकुळ्या काडीऐवजी तीन काटकुळ्या काड्या मिळतात. आधी जागा बदला, मग छाटा.

जिरॅनियमला रोज निदान चार तास थेट ऊन हवं. तुमच्या दक्षिण खिडकीत हिवाळ्यात सूर्य तिरपा असतो, ऊन आत येतं, तेव्हा ती उत्तम. पण मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत ठाण्यात सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो. तेव्हा दक्षिणेच्या खिडकीत थेट ऊन येतच नाही. त्या दिवसांत कुंडी पूर्वेच्या ग्रिलमध्ये न्या, मात्र पाऊस लागणार नाही अशी. पूर्वेला खिडकीच नसेल तर झाडांसाठीचा एलईडी दिवा शेंड्यापासून वीतभर वर, रोज बारा-चौदा तास. आणि कुंडी आठवड्यातून एकदा पाव वळण फिरवा.

प्रश्न : छाटलेल्या काड्या लावल्या, सगळ्या बुडाशी काळ्या पडून लोळल्या. प्लॅस्टिकची पिशवीही घातली होती. (नाशिक)

पिशवीनेच घात केला. जास्वंदीच्या काडीला ओलावा हवा असतो. जिरॅनियम मूळचं दक्षिण आफ्रिकेतल्या कोरड्या प्रदेशांतलं, पाणी खोडात साठवणारं. कोंदट ओलीत पिथियम नावाचा रोगकारक बुंधा काळा करतो. बोटभर लांबीची, फुलं-कळ्या नसलेली काडी घ्या, खालची पानं काढा आणि पाच-सहा तास सावलीत सुकू द्या. निम्मी जाड रेती, निम्मं कोकोपीट. एकदा पाणी, मग वरचा थर सुकल्यावरच पुन्हा. पिशवी नको. तीन-चार आठवड्यांत मुळं धरतील. काळ्या पडलेल्या काड्यांची माती पुन्हा वापरू नका.

प्रश्न : दाट व्हावं म्हणून युरिया देऊ का?

नको. युरियातल्या नत्राने पानं मोठी होतात, दोन पेरांमधलं अंतर वाढतं आणि फुलं मागे पडतात. फूट यायला लागल्यावर महिन्यातून एकदा मूठभर गांडूळखत पुरे.

प्रश्न : उन्हाळाभर अंगणात गच्च फुललेलं रोप ऑक्टोबरमध्ये घरात घेते, फेब्रुवारीपर्यंत त्याची काठी होते. (न्यू जर्सी)

तुमच्याकडे डिसेंबरचा दिवस सव्वानऊ तासांचा, आणि घरात हीटर. ऊब ‘वाढ’ म्हणते, पण उजेड पुरत नाही. या दोन्हींच्या ओढाताणीत रोप ताणलं जातं. आत घेतानाच ते निम्म्यावर छाटा, दक्षिणेच्या खिडकीत हीटरपासून लांब ठेवा. दहा-पंधरा सेल्सिअसची गार खोली असेल तर फारच छान. पाणी अगदी बेताने.

जागाच नसेल तर तिकडच्या बागवानांची जुनी रीत करून बघा : पहिल्या कडक हिमाआधी रोप मुळासकट उपटायचं, माती झटकायची आणि गार, कोरड्या तळघरात कागदी पिशवीत ठेवायचं. महिन्यातून एकदा मुळं तासभर पाण्यात भिजवायची. मार्चमध्ये हिरव्या खोडापर्यंत छाटून कुंडीत लावा.

प्रश्न : शेतकरी तेलासाठी लावतात ते जिरॅनियम हेच का? (अहिल्यानगर)

त्याचंच भावंड. तुमच्या भागात शेतात दिसतं ते सुवासिक पानांचं, कुंडीतलं फुलांचं. दोन्ही वनस्पतिशास्त्रात पेलार्गोनियम. 1753 मध्ये लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने सगळी जिरॅनियममध्ये घातली होती, पुढे 1789 मध्ये लेरिटिए या फ्रेंच शास्त्रज्ञाने ती वेगळी केली, पण जुनं नाव तोंडात राहिलं. सुवासिक जात घरात लावणार असाल तर तिला आणखी जास्त खुडावं लागतं. खुडलेली पानं उशाशी ठेवा.