कृषी पदविका झाली, आता एकदम पाचशे बेड लावावेत का?

प्रश्न : माझी कृषी पदविका पूर्ण झाली आहे. नोकरी न शोधता धिंगरी अळिंबीचा (ऑयस्टर मशरूमचा) व्यवसाय करायचा आहे. वडील म्हणतात, "शेवटी शेतीच करायची होती, तर शिकलास कशाला?" सुरुवातीलाच पाचशे बेडचं, म्हणजे काड आणि अळिंबीचं बी भरलेल्या पाचशे पिशव्यांचं, शेड उभारू का?

उत्तर : तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. शेतीचं शिकलेली मुलं शेतीतच काही उभं करायला निघाली की आम्हालाही हुरूप येतो. पण पाचशे बेड आत्ता नकोत. आधी दहा लावा आणि सोबत एक वही ठेवा.

कॉलेजच्या प्रात्यक्षिकाला काड तयार मिळतं, स्पॉन (अळिंबीचं बी) ताजं असतं आणि बेड बिघडला तर फार तर गुण जातात. घरी सगळं तुमच्याच अंगावर. काडाचे 3 ते 5 सेंमीचे तुकडे रात्रभर भिजवा, 80 अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवा आणि निथळू द्या. मग मूठभर काड घट्ट दाबून पाहा. तळहात ओला व्हावा, थेंब मात्र पडू नये. पाणी जास्त राहिलं की हिरवी बुरशी आलीच, आणि तसा बेड ताबडतोब खोलीबाहेर काढावा लागतो. देठ लांबट आणि छत्री बारकी येऊ लागली, तर खोलीत हवा कोंडते आहे असं समजा. या चुका सगळ्यांकडूनच होतात. दहा बेडमध्ये झाल्या तर सोसतील.

कोरड्या काडाच्या किलोमागे नवख्याने अर्धा किलो ताजी अळिंबी धरावी, त्याहून जास्त नाही. हात बसला की उत्पादन वाढतं.

खरी अडचण काढणीनंतरची. ताजी धिंगरी थंडाव्याशिवाय जेमतेम एक-दोन दिवस टिकते. म्हणून बेड भरण्याआधीच तीन-चार गिऱ्हाईकं गाठा आणि आठवड्याला नेमकी किती घेणार ते विचारा. "बघू, आणा" हे उत्तर मागणीत धरू नका. उरलेला माल वाळवता येतो, पण दहा किलोचा साधारण एकच किलो होतो. तो हिशेब वेगळा मांडा.

वहीत काड, स्पॉन, सरपण तर लिहाच, पण स्वतःची मजुरीही लिहा. बहुतेक मुलं नेमकी तीच सोडतात आणि नसलेला नफा वहीत दिसतो.

वडिलांशी वाद घालू नका. त्यांनी पिकं बुडताना पाहिली आहेत, त्यांची भीती खरी आहे. कोरडं, न कुजलेलं काड कसं ओळखायचं हे त्यांना तुमच्याहून चांगलं कळतं. ते काम त्यांच्याकडेच द्या.

काढणीला तोंडावर मास्क हवाच, कारण छत्रीतून उडणाऱ्या बारीक बीजाणूंनी खोकला जडतो. छत्रीची कड वर वळण्याआधीच तोडा. दुसरी काढणी झाली की वही घेऊन या, वडिलांनाही आणा. पुढचे पन्नास बेड लावायचे की थांबायचं, ते आकडे समोर ठेवून ठरवू.