अमली पदार्थ विरोधी खात्यातल्या अधिकाऱ्याचं स्थळ आलंय. अशा माणसाचा संसार कसा असतो?

तुमच्या बहिणीसाठी स्थळ आलंय, मुलगा केंद्राच्या अमली पदार्थ विरोधी खात्यात आहे. बदल्या किती होतात, जिवाला धोका असतो का, घराकडे लक्ष देतात का, एवढंच तुम्ही विचारलं असतं तर मी वाचून पुढे गेले असते. पण शेवटी तुम्ही लिहिलंय, ‘मामा म्हणतात, या खात्यात वरकमाई भरपूर असते, पण संसाराचं काही खरं नसतं.’ त्या एका वाक्यासाठी लिहायला बसले. हेच वाक्य मी धुळ्यात आमच्या स्वतःच्या घरात ऐकत मोठी झाले. फक्त आमच्याकडे मामांच्या जागी काका होते.

माझे वडील, अण्णा, याच कामात होते. १९७१ साली केंद्र सरकारच्या नोकरीत लागले, पुढे प्रतिनियुक्तीवर अफूगांजाच्या तपासात गेले आणि तिथेच रमले. २००८ साली निवृत्त झाले. त्यांना जाऊन आता वर्ष होईल.

आम्ही धुळ्यातल्या देवपूरला आणि अण्णा इंदूरला, अशी आमच्या घराची मांडणी होती. इंदूर कशासाठी, तर मंदसौर, नीमच, रतलाम या पट्ट्यात सरकारी परवान्यावर अफू पिकते. शेतकऱ्याने पिकलेली सगळी अफू सरकारला द्यायची. त्यातून जे लपवून मागे ठेवलं जातं ते तस्कराकडे जातं, आणि मुंबईला न्यायचं तर सेंधवा, बिजासन घाट, पळासनेर, शिरपूर, धुळे असा सरळ आग्रा रोड आहे. तोच आग्रा रोड आमच्या घरापासून पाच मिनिटांवर. ट्रकचे हॉर्न ऐकत झोपायचो आम्ही, आणि आई कधीकधी म्हणायची, ‘तुमच्या बापाचं गिऱ्हाईक चाललं बघा.’

घरात कसे होते ते एका गोष्टीवरून सांगते. दर आठवड्याला त्यांचं आंतरदेशीय पत्र यायचं. वर उजव्या कोपऱ्यात गावाचं नाव, तारीख आणि वेळ. ‘इंदूर, रात्री ११.४०.’ रविवारी लिहायचं राहून सोमवारी लिहिलं तर पहिलीच ओळ, ‘हे पत्र कालचं आहे, आज लिहितोय.’ मी शाळेत असताना एकदा विचारलं होतं, अण्णा, रविवारची तारीख टाकली असती तर कोणाला कळणार होतं? ते म्हणाले, तुला कळलं नसतं, मला कळलं असतं. सुट्टीत आले की आमच्या वह्या-पुस्तकांना कव्हरं घालून द्यायचे, तीही मुद्देमालाच्या पाकिटासारखी. कोपरे दुमडून, दोरा ओवून, नावाची चिठ्ठी अशी चिकटवलेली की ती फाडल्याशिवाय कव्हर निघायचं नाही. त्यांच्या उजव्या हाताच्या दोन बोटांवर लाखेने भाजल्याचे डाग कायमचे होते.

आता ती गोष्ट, जिच्यामुळे हे सगळं लिहितेय.

डिसेंबर १९९६. रविवारी ताईचा साखरपुडा होता. अण्णांची रजा मंजूर होती. शनिवारी संध्याकाळी ते इंदूरच्या सरवटे स्टँडवर धुळ्याच्या गाडीची वाट बघत उभे होते. हातात पिशवी, पिशवीत ताईसाठी माहेश्वरी साडी आणि दोन किलो शेव. त्यांचा एक खबरी आधी ऑफिसात जाऊन, तिथे ते नाहीत म्हणून शोधत स्टँडवर आला. सेंधव्याच्या अलीकडच्या एका गावात माल उतरलाय आणि उजाडायच्या आत निघून जाणार, एवढंच त्याने सांगितलं. तेव्हा ५ वाजून २० मिनिटं झाली होती. मोबाईल नव्हते. अण्णांनी एसटीडी बूथवरून सहकाऱ्यांना बोलावलं, जीप आली आणि साडीच्या पिशवीसकट ते निघाले.

पहाटे ४ च्या सुमाराला ज्वारीच्या कणगीत नऊ किलो अफू सापडली. पंचनामा झाला. २४-२४ ग्रॅमचे दोन नमुने काढले, कापडात शिवले, सुतळी बांधली, पंचांच्या सह्यांची चिठ्ठी लावून वर लाखेचं सील मारलं. सकाळी ऑफिसात पोहोचल्यावर अण्णांनी मिळालेल्या माहितीची नोंद लिहिली. माहिती मिळाली १७.२०, नोंद केली ०७.१०.

घोळ इथे आहे. एनडीपीएस कायद्याचं, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थविरोधी कायद्याचं, कलम ४२ सांगतं की गुप्त माहिती मिळाली की ती आधी कागदावर घ्यायची आणि वरिष्ठांकडे पाठवायची. सूर्यास्तानंतर वॉरंट नसताना घरात शिरायचं तर वॉरंटसाठी थांबणं का शक्य नाही, तेही आधीच लिहून ठेवायचं. १९९४ साली सर्वोच्च न्यायालयाने ही अट बंधनकारक आहे म्हणून सांगितलं होतं. मी वकील नाही, पण ही कलमं आमच्या घरात पाढ्यांसारखी ऐकलीत. अण्णांना ती आमच्यापेक्षा नक्कीच जास्त पाठ होती. त्या संध्याकाळी स्टँडवर घाईत राहून गेलं. चूक त्यांचीच, आणि त्यांनी ती कधी दुसऱ्या कोणावर ढकलली नाही.

इकडे रविवारी देवपूरला आमच्या दारातल्या मांडवात बापाच्या जागी जिभाऊ बसले. जिभाऊ म्हणजे अण्णांचे थोरले भाऊ, नरडाण्याकडे आमचं गाव आहे तिथे शेती करणारे. पाहुण्यांना काय सांगायचं म्हणून त्यांनी सांगितलं, सरकारी काम निघालं. पाहुण्यांच्यात कुजबुज झाली. अण्णा रात्री साडेनऊला आले, मांडव सोडून झाला होता. हातपाय न धुता त्यांनी आधी साडीचं खोकं ताईच्या पुढ्यात ठेवलं. खोक्यावर लाल लाखेचा एक थेंब पडून वाळला होता. ताई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नाही. ते खोकं तिच्याकडे अजून आहे.

खटला १९९९ च्या सुरुवातीला उभा राहिला. साक्षीच्या आधी त्यांच्या एका वरिष्ठाने सुचवलं की नोंदीचं पान पुन्हा लिहून घ्या, वेळ संध्याकाळी साडेपाचची टाका, खालची सही मी करतो. कणगीतली अफू खरी होती, माणूस खरा होता, घर त्याचंच होतं. खोटी पडणार होती ती फक्त वेळ. अण्णांनी पान बदललं नाही. उलटतपासणीत बचावाच्या वकिलाने विचारलं, ही माहिती तुम्ही कधी लिहिलीत? ते म्हणाले, दुसऱ्या दिवशी सकाळी, परत आल्यावर. झालं. किमान दहा वर्षं सक्तमजुरीचा गुन्हा, आणि आरोपी निर्दोष सुटला. खात्याने अण्णांकडून लेखी खुलासा मागवला, बढती दोन वर्षं अडकली, त्या मालावरचं बक्षीसही गेलं.

त्याच वर्षीची आखाजी, म्हणजे आमच्या खानदेशातली अक्षय्य तृतीया. सगळं घर गावी जमलेलं. ताई सासरहून आलेली, आवारात झोका बांधलेला, चुलीवर खापर चढलेलं, मांडे होत होते, ओट्यावर पुरुषांचे पत्ते चाललेले. अण्णा पत्ते खेळायचे नाहीत, नुसते कडेला बसायचे. केस सुटल्याची बातमी गावात पोहोचली होती. जिभाऊंनी हातातलं पान टाकलं आणि पंधरा माणसांसमोर विचारलं, ‘कितलामा सोडं रे त्याले?’ म्हणजे, केवढ्याला सोडलंस रे त्याला?

अण्णा एवढंच म्हणाले, ‘येळ खरी लिखी, जिभाऊ.’

कोणाला काही कळलं नाही. अण्णांनी समजावूनही सांगितलं नाही. मी १८ वर्षांची होते, आमरसाची वाटी हातात घेऊन दारात उभी होते आणि मला आत्ता बोलावं असं वाटत असून मी बोलले नाही. तेव्हापासून आमच्या भाऊबंदकीत हेच रूढ झालं की अण्णांनी एक केस ‘मिटवली’ होती. माझं लग्न ठरताना एका घरून ‘अधिकाऱ्याची मुलगी, आणि एवढंच देणार?’ असा निरोप आला, त्याचं मूळही तिथेच होतं.

म्हणून मामांना सांगा. याच कायद्यात कलम ५९ आहे. अधिकाऱ्याने गुन्हेगाराशी संगनमत केलं तर त्याला किमान दहा वर्षं. म्हणजे अफू विकणाऱ्याला तेव्हा जेवढी होती तेवढीच. सरकारी बक्षीस मात्र असतं, खबऱ्याला आणि अधिकाऱ्यालाही, रीतसर, कागदावर. लोक त्यालाच वरकमाई समजतात. खाणारे अधिकारी नाहीत असं मी म्हणत नाही. आहेत, अण्णांनी त्यांची नावं घरात कधी घेतली नाहीत, पण ते कोणाच्या जीपमध्ये बसायचं टाळत हे आम्हाला कळायचं. तरी एखादी केस सुटली म्हणून माणूस विकला गेला, हा हिशोब चुकीचा आहे. उलट पानं बदलून जिंकलेल्या केसेसची कोणी चौकशी करत नाही, हे मला जास्त भयंकर वाटतं.

जिभाऊंचं अर्धं म्हणणं मी मान्य करते. ते बापाच्या जागी बसले होते, जेवणावळीचं त्यांनी पाहिलं, माझा भाऊ आजारी पडला तेव्हा रात्री बैलगाडी जुंपून स्टेशनवर आणणारेही तेच. ‘तुझा बाप घरी नव्हता’ असं ते म्हणतात तेव्हा मी मान खाली घालते. पण घरी नव्हता म्हणून खात होता, असं त्यांनी पुढे जोडलं की मी उठून उभी राहते.

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने कर्नैल सिंग प्रकरणात निकाल दिला. तातडी असेल तर माहिती लिहायला उशीर चालेल, त्या उशिराचं समाधानकारक कारण देता आलं पाहिजे, अजिबातच लिहिली नाही तर मात्र चालणार नाही. म्हणजे अण्णांचं सकाळी ७.१० चं पान कदाचित टिकलंही असतं. त्यांच्या एका वकील मित्राने झेरॉक्स आणून दिली. निवृत्तीला वर्ष झालं होतं. अण्णांनी ओट्यावर बसून ती दोनदा वाचली, घडी घालून सदऱ्याच्या खिशात ठेवली आणि पांझरा नदीकडे फिरायला निघून गेले. त्या दिवशी जेवायला तासभर उशिरा आले.

आता तुमचे प्रश्न. बदल्या होतात, राज्याबाहेर होतात, हे धरूनच चाला. गोळीबाराची धास्ती घेऊ नका. अण्णांच्या सगळ्या नोकरीत घरच्यांना त्रास झाला तो तारखांचा. खटले वर्षानुवर्षं चालतात, निवृत्तीनंतरही समन्स येतात. वयाच्या ६६ व्या वर्षी अण्णा एसटीने सेंधव्याकडे साक्षीला गेलेत, गुडघ्याला पट्टा बांधून. सणावारी माणूस घरी असेलच असं नाही, त्यामुळे बहिणीला स्वतःची नोकरी, स्वतःची माणसं असू द्या. आमच्या आईने रेशन, शाळा, तापपाणी सगळं २० वर्षांहून जास्त एकटीने ओढलं. तिचं अण्णांवर प्रेम होतं. पण पुन्हा हेच स्थळ आलं असतं तर तिने होकार दिला असता का, ते मी तिला कधी विचारलं नाही, आणि आता ती नाही.

हेही खरं की मी एकाच माणसावरून बोलतेय आणि तो माझा बाप होता. आजचं काम वेगळं आहे. अण्णांच्या वेळी अफू आणि गांजा, आता एमडी म्हणजे मेफेड्रोनसारखी रासायनिक नशा, कुरिअरची पार्सलं, मोबाईलमधले पुरावे. २००१ साली कायद्यात मालाच्या वजनानुसार शिक्षा आली. २०२० साली न्यायालयाने सांगितलं की अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून धरायचा नाही. त्यावर अण्णा म्हणाले होते, बरं झालं, आता पोरांना नीट पंचनामा शिकावा लागेल.

मुलाला पगार विचारू नका, तो सरकारी तक्त्यात मिळेल. बहिणीला त्याच्याशी तासभर एकटीने बोलू द्या आणि तिला हे विचारायला सांगा, तुझी एखादी केस सुटली का, आणि कशामुळे सुटली? नुसतं न्यायाधीशाला, वकिलाला, पंचांना नावं ठेवली तर मामांचं ऐका. आपली चूक सांगता आली तर पुढे बोला.

यंदाच्या आखाजीला अण्णांच्या नावाची पहिली घागर भरली. जिभाऊ आता ८४ चे आहेत, काठी टेकत आले, घागरीवर डांगर, म्हणजे खरबूज, त्यांनीच ठेवलं. मग मला बाजूला बोलावून विचारलं, त्या केसचा कागद तुझ्याजवळ आहे का म्हणे. निकालाची प्रत माझ्याकडे आहे. हिंदीत आहे, आणि त्यात न्यायाधीशांनी लिहिलंय की माहितीची नोंद छाप्यानंतर केल्याचं साक्षीदाराने स्वतःच मान्य केलं. जिभाऊंना आता बारीक अक्षर दिसत नाही. रविवारी गावी जातेय, वाचून दाखवायला.