बुऱ्हाणपूर एका दिवसात: सुरुवात पाण्यापासून करा

ताई, तुम्ही विचारलंय की लग्नासाठी भुसावळला येताय, दुसरा दिवस मोकळा आहे, सोबत वयस्कर सासू-सासरे आहेत; तर बुऱ्हाणपूर करावं का, आणि मुमताजच्या कबरीपलीकडे तिथे काय आहे. जरूर करा. आज मध्ये राज्याची सीमा आली म्हणून आपण त्याला परकं समजतो, पण ती आपल्या खान्देशची राजधानी होती. फारुकी सुलतानांची पहिली गादी थाळनेरला होती. नासिर खानाने १४००च्या सुमारास तापीच्या उत्तर काठावर हे शहर वसवलं आणि खुलताबादच्या सूफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचं नाव त्याला दिलं. १६०१मध्ये अकबराने असीरगड घेतला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्यानंतर मुघलांच्या दख्खनच्या मोहिमा इथून हलू लागल्या.

बहुतेक लोक आधी किल्ल्यात जातात. माझं मत वेगळं आहे. सकाळी पहिल्यांदा कुंडी भंडाऱ्यावर, म्हणजे मुघलांच्या भुयारी पाणीयोजनेवर जा (तिथे खुनी भंडारा असंही म्हणतात). एवढी फौज, हत्ती, घोडे, बाजारपेठ या शहराने पोसली ती कशावर, हे तिथे कळतं. १६१५मध्ये, अब्दुल रहीम खानखाना सुभेदार असताना, हे काम झालं. सातपुड्यातून जमिनीत मुरलेलं पाणी तापीकडे झिरपत जातं. ते वाटेतच अडवून भुयारात घेतलं, भुयारावर ठराविक अंतराने विहिरीसारख्या कुंड्या बांधल्या आणि नुसत्या उतारावर पाणी शहरापर्यंत आणलं. मोट नाही, रहाट नाही. मूल भंडारा, सुका भंडारा, चिंताहरण असे आणखीही भंडारे आहेत. एका कुंडीत लिफ्टने खाली उतरता येतं. खाली भुयारात पाण्यातूनच चालावं लागतं. भिंती हाताला खडबडीत लागतात, कारण पाण्यातल्या चुन्याचे थर वर्षानुवर्षं साचत गेलेत. त्या थरांनीच भुयारं अरुंद होत चालली आहेत आणि ते बघून फार वाईट वाटतं. लिफ्ट चालू आहे का हे रिक्षावाल्याकडून आधी विचारून घ्या. सासू-सासऱ्यांना वरच बसवा. कुंडीच्या तोंडाशी उभं राहिलं तरी कल्पना येते.

तिथून गावात जामा मशीद. नमाजाची वेळ टाळा, डोकं झाका, विचारून आत जा. दोन उंच मिनार आहेत, घुमट मात्र नाही. आतल्या भिंतीवर अरबी लेखाच्या जोडीला एक संस्कृत लेख कोरलाय, तो शोधाच. आदिलशहा फारुकीने, म्हणजे राजा अली खानाने, १५९०च्या सुमारास मशीद पुरी केली तेव्हाचा. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमन, मग फारुकींची वंशावळ, आणि मग संवत १६४६, शके १५११ अशी पंचांगाच्या भाषेत मिती. सासरे देवनागरी अक्षरं स्वतः लावून वाचू शकतील. माझ्या लेखी अख्ख्या बुऱ्हाणपुरात याच्या तोडीचं दुसरं काही नाही.

शाही किल्ला तापीच्या काठावर आहे. बराचसा पडलेला, पण हमामखान्याच्या (शाही न्हाणीघराच्या) छतावरची रंगीत नक्षी अजून टिकून आहे. मुमताज १७ जून १६३१ला याच शहरात चौदाव्या बाळंतपणात गेली. तिला नदीपलीकडे जैनाबादला, आहूखान्यात (हरणांच्या शाही बागेत) पुरलं होतं. सहाएक महिन्यांनी देह आग्ऱ्याला नेला. म्हणजे कबर बघायला म्हणून जाल तर पडक्या भिंतीच हाती लागतील. वेळ उरला तरच तिकडे वळा.

त्यापेक्षा उतावळी नदीकाठची शाहनवाज खानाची कबर बघा. हा खानखानाचा मुलगा. काळसर दगडामुळे लोक तिला काळा ताजमहाल म्हणतात. आपल्या इतिहासातलं एक ठिकाणही आहे: मिर्झाराजे जयसिंग १६६७मध्ये बुऱ्हाणपुरातच वारले, त्यांची छत्री गावाबाहेर आहे. आणि १६८१मध्ये संभाजीराजांच्या फौजेने हंबीरराव मोहित्यांच्या हाताखाली लुटलं ते हेच शहर. गुरू गोविंदसिंगही नांदेडला जाताना इथे थांबले होते, त्यांचा गुरुद्वारा आहे. बोहरा समाजाची दर्गाह-ए-हकीमी अतिशय स्वच्छ, शांत. दुपारी वडीलधाऱ्यांना टेकायला चांगली जागा.

खायला मावा जिलबी. खव्याची असते, नेहमीच्या जिलबीपेक्षा जाड, तळून अगदी काळपट तपकिरी करतात आणि मग पाकात सोडतात. गरम असतानाच खा, एकीतच पोट भरतं. घरी न्यायला दराबा घ्या. रवा, साखर, तूप फेटून फेटून इतका हलका करतात की जिभेवर विरघळतो.

भुसावळहून रेल्वे सोयीची. स्टेशन लालबागला, गावापासून थोडं लांब, बाहेर रिक्षा मिळतात. दिवसभराचे पैसे आधीच ठरवा. गाडी असेल तर सावदा-रावेरमार्गे या, दोन्ही बाजूंना केळीच्या बागा लागतील. एप्रिल-मेमध्ये मात्र वयस्कर माणसांना घेऊन येऊ नका, आपल्याकडचं ऊन तुम्हाला माहीतच आहे. असीरगड वीसेक किलोमीटर पुढे आहे, त्याच दिवसात कोंबू नका. त्याला स्वतंत्र दिवस द्या. आणि पुन्हा कधी शिरपूरकडे जाणं झालं तर थाळनेरला फारुकींच्या कबरी आहेत, त्यातली अष्टकोनी कबर आवर्जून बघा.