सायकलला सस्पेन्शन सीटपोस्ट बसवावा का? कोणता घ्यावा आणि आपल्या वजनाला कसा जुळवावा?

तुम्ही विचारलंय की लातूर-औसा रस्त्यावर हायब्रिड सायकलने जाणं-येणं असतं, वजन ८२ किलो, वय पन्नाशीपुढे, कंबर आणि माकडहाड दोन्ही कुरकुरायला लागलेत. तर सस्पेन्शन सीटपोस्टने फरक पडेल का, आणि कोणत्या कंपनीचा घ्यावा. शेवटी जाता जाता स्प्रिंगच्या जुन्या सीटबद्दलही विचारलंय.

सस्पेन्शन सीटपोस्ट म्हणजे सीटखालची दांडीच, पण आत स्प्रिंग किंवा रबर असलेली, हादरा बसला की दबणारी. फरक पडतो, चांगलाच पडतो. पण दुकानात गेल्यावर कंपनीच्या आधी एकच विचारा, “यातली स्प्रिंग किती किलोची?” महागातला पोस्ट घेतला आणि आतली स्प्रिंग ६० किलोच्या माणसाची निघाली, तर तुम्ही बसल्या बसल्याच तो तळाला टेकेल आणि पुढचा प्रत्येक खड्डा थेट मणक्याला कळेल. उलट स्प्रिंग फार कडक असेल तर साध्या दांडीत आणि त्याच्यात फरकच राहत नाही. बाजारात तक्रारी ऐकू येतात त्यातल्या बऱ्याच या दोनच कारणांच्या असतात.

त्याआधी एक फुकटातलं काम करून घ्या. टायरमधली हवा बघा. आपल्याकडे पंक्चरवाल्याला “टाईट भर” सांगायची सवय, आणि तोही कॉम्प्रेसर लावून टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल आकड्यापर्यंत नेऊन ठेवतो. ३५ मिमी रुंदीच्या टायरला तुमच्या वजनाला मागे साधारण ५५ ते ६० पीएसआय आणि पुढे त्याहून पाचेक कमी पुरे. बाभळीचा काटा टायर कडक असला काय न् नरम असला काय, शिरायचा तेव्हा शिरतोच. गिट्टी उघडी पडलेल्या डांबरावरची ती बारीक थरथर फक्त टायरच खाऊ शकतो, सीटपोस्टला तेवढं जमत नाही. सीटपोस्टचं काम वेगळं: गावात शिरतानाचे गतिरोधक, सिमेंट रस्त्याच्या जोडांवरची ठक-ठक, उसाच्या ट्रॉल्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या. शिवाय काळ्या मातीवरचा रस्ता. माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि वरचं डांबर वर-खाली होऊन बसतं. नवा रस्ता दोन पावसाळ्यांत का उसळतो, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता प्रकार. मुख्य दोन. पहिला नळीत नळी सरकणारा, आत स्प्रिंग किंवा रबर. सायकलच्या दुकानात सहज मिळतो तो हाच, आणि स्वस्तही. त्याची अडचण अशी की फ्रेमची उभी नळी मागे कललेली असते, त्यामुळे तुमचं वजन नळीच्या सरळ रेषेत न येता तिला आडवंही रेटतं. आतली नळी बाहेरच्या नळीला घासून बसते आणि लहान हादऱ्याला हलतच नाही. मोठा दणका बसला की मग एकदम खाली जाते. दुसरा प्रकार म्हणजे बिजागरीवर हलणाऱ्या जोडपट्ट्यांचा, ज्याला लिंकेज म्हणतात. यात सीट खाली जाताना थोडी मागेही जाते, घर्षण कमी, त्यामुळे छोट्या जोडांवरही काम करतो. सीट आणि पायडल यांतलं अंतरही त्यात कमी बदलतं, म्हणून पाय मारण्याची लय बिघडत नाही. सनटूरचा एनसीएक्स, केन क्रीकचा थडबस्टर, रेडशिफ्टचा शॉकस्टॉप हे सगळे याच जातीचे. एनसीएक्सची हालचाल, म्हणजे तो जास्तीत जास्त किती दबतो ते, ५० मिमी, शॉकस्टॉपची ३५ मिमी, थडबस्टरच्या लांब मॉडेलची ९० मिमी. डांबरी रस्त्याला ३५ ते ५० मिमी भरपूर झाली. ९० मिमी पाणंद रस्त्याने शेतात जाणाऱ्याला. रोजचं जाणं-येणं आहे तर माझं मत सरळ लिंकेजच्या बाजूने. परदेशी पोस्टची किंमत पाच आकड्यांत जाते, तेवढी तयारी नसेल तर नळीवाला घ्या, पण मग त्याची देखभाल मनावर घ्या.

विकत घेण्याआधी दोन मापं हवीत. सध्याची दांडी बाहेर काढून खालच्या टोकाकडे बघा, जाडी कोरलेली असते. हायब्रिडला बहुतेक वेळा २७.२, काहींना ३०.९ किंवा ३१.६, स्वस्त लोखंडी फ्रेमला २५.४. यात ०.२ मिमीचा फरकसुद्धा चालत नाही. पोस्ट फ्रेमच्या नळीपेक्षा बारीक असेल तर मधे ॲल्युमिनियमचं बुश, म्हणजे शिम, घालून बसवता येतो; जाड असेल तर उपाय नाही. मिस्त्री कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा गुंडाळून “बसतंय की” म्हणेल. नको म्हणा. सस्पेन्शन पोस्टवर सारखे धक्के येत राहतात, तो पत्रा कुरतडला जातो आणि पोस्ट हळूहळू खाली सरकतो. दुसरं माप उंचीचं. सीटखालच्या सळ्यांपासून फ्रेमच्या पट्ट्यापर्यंत (दांडी आवळून धरणारा तो) तुमची दांडी किती बाहेर दिसते? सस्पेन्शनची यंत्रणा एवढ्याच जागेत मावली पाहिजे. छोट्या मॉडेललासुद्धा १० सेंटीमीटरच्या आसपास लागतात, लांबवाल्याला त्याहून बरेच जास्त. बुटक्या माणसाची सायकल मोठ्या फ्रेमची असेल तर इथेच गाडी अडते.

बसवताना नळीत थोडं ग्रीस लावा (फ्रेम कार्बनची असेल तर ग्रीस नको, कार्बन पेस्ट लागते) आणि दांडीवरची कमाल उंचीची खूण फ्रेमच्या आत राहील हे बघा.

आता खरं काम. तुम्ही सायकलवर बसल्यावर पोस्ट थोडा दबला पाहिजे, एकूण हालचालीच्या साधारण पाचवा भाग. म्हणजे ५० मिमीच्या पोस्टला १० मिमी, ३५ वाल्याला ७. हे अंदाजाने करू नका, मोजा. सायकल भिंतीजवळ उभी करा, रोज घालता तेच कपडे आणि पाठीला तीच बॅग. दोन्ही पाय पायडलवर, पायडल आडवे, हात हँडलवर. सरळ ताठ बसलात तर सगळा भार सीटवर येऊन माप चुकतं. कोपर भिंतीला टेकवून तोल सांभाळा. दोन-तीनदा हलकेच दबा आणि स्थिर व्हा. घरातल्या कुणाला तरी फुटपट्टी घेऊन बाजूला बसवा आणि सीटच्या सळीपासून फ्रेमच्या पट्ट्यापर्यंतचं उभं अंतर आधी तुमच्याशिवाय आणि मग तुमच्यासकट घ्यायला सांगा. जमिनीपासून मोजलं तर टायरचं दबणंही त्यात मिसळतं. नळीवाल्या पोस्टला याहून सोपं आहे: आतल्या नळीवर बारीक केबल टाय बांधून खाली सरकवून ठेवा, उतरल्यावर ती किती वर ढकलली गेली ते दिसतं.

दबणं कमी-जास्त करायचा स्क्रू बहुतेक पोस्टमध्ये खालच्या तोंडात असतो, म्हणून प्रत्येक वेळी पोस्ट बाहेर काढावा लागतो. काढण्याआधी उंचीला इन्सुलेशन टेपची एक पट्टी मारून ठेवा, नाहीतर दर खेपेला उंची शोधत बसाल. ॲलन कीने उजवीकडे फिरवलं की दबणं कमी होतं. एका वेळी एक फेरा, मग परत मोजायचं. इथे एक गोष्ट मिस्त्रीसुद्धा विसरतात: हा स्क्रू आवळल्याने स्प्रिंग कडक होत नाही. किती वजन आल्यावर ती हलायला लागणार, तेवढंच बदलतं. त्यामुळे स्क्रू पार आवळूनही तुम्ही २० मिमी दबत असाल तर पुढची कडक स्प्रिंग आणा. पूर्ण सैल सोडूनही हलत नसेल तर मऊ आणा. स्क्रू इतका सैलही सोडायचा नाही की तो दांडीच्या तोंडाबाहेर डोकावेल. थडबस्टरमध्ये हा स्क्रूच नसतो, वजनाप्रमाणे रबर बदलायचं. रबर थंडीत कडक पडतं आणि उन्हात नरम, म्हणून जानेवारीत जुळवलेलं मे महिन्यात एकदा तपासा.

माप बरोबर आलं तरी शेवटचा निकाल रस्त्यावर. सपाट रस्त्यावर जोरात पायडल मारताना तुम्ही वर-खाली डोलत असाल तर पोस्ट मऊ आहे. गतिरोधकावर ‘ठक’ आवाज येऊन तळाला लागत असेल तरी तेच. आणि सीटची उंची नव्याने ठरवा: पोस्ट जेवढा दबतो तेवढी सीट वर घ्यायची, नाहीतर गुडघे बोलायला लागतील. लिंकेज पोस्टवर सीट जरा मागे गेल्यासारखी वाटते, ती सळ्यांवर थोडी पुढे सरकवून घ्या.

देखभालीचं एवढंच की आपल्या फुफाट्यात उघडे सांधे टिकत नाहीत. लिंकेज पोस्टला निओप्रिनचं, म्हणजे रबरी कापडाचं, कव्हर मिळतं, ते नक्की घाला. पावसाळ्यात मागच्या चाकाने उडवलेली काळी माती थेट त्या सांध्यांवर बसते आणि सुकली की खरवडून काढावी लागते. नळीवाल्याच्या वरच्या तोंडाला आट्यांची एक रिंग असते, ती हादऱ्यांनी सैल होते. सीटचं नाक धरून डावीकडे-उजवीकडे हलवा. खडखड जाणवली तर आधी ती रिंग आवळा.

दांडीला पकडणारं कॅरिअर किंवा लहान मुलाची सीट सस्पेन्शन पोस्टवर लावू नका. मुलाची बोटं जोडपट्ट्यांत किंवा सीटखाली सापडू शकतात. आणि हात, मनगटं दुखत असतील तर या पोस्टचा काही उपयोग नाही, तिथे हँडलची उंची बघावी लागेल. दुखणं कमरेतून पायात उतरत असेल, मुंग्या येत असतील, तर आधी डॉक्टर.

राहिली स्प्रिंगची सीट, जुन्या काळ्या सायकलला असायची तशी. तुमचं हँडल सीटच्या बरोबरीने किंवा वर असेल आणि तुम्ही ताठ बसून चालवत असाल तर ती कमी पैशात चांगलं काम देते, मग सीटपोस्टचा खर्च थांबवा. पुढे वाकून चालवत असाल तर भार हातांवर जातो, स्प्रिंगा नीट दबत नाहीत आणि रुंद सीट मांड्यांना घासते. दोन्ही एकावर एक मात्र लावू नका, माप घ्यायचं म्हटलं तरी कुठली स्प्रिंग किती दबली ते कळणार नाही.