समुद्र थोडा लपव

अनेक आशीर्वाद.

वीकेंड होमचे नकाशे मिळाले. समुद्राकडची अख्खी भिंत काचेची केली आहेस. क्लायंट खूश होईल, पहिले दोन-चार वीकेंड. पण दारातून, टेबलावरून, अगदी बाथरूममधूनही तोच देखावा तसाच दिसायला लागला, की माणसं त्याच्याकडे पाठ करून मोबाइल काढतात.

वास्तुविशारद ल कॉर्बुझिएने १९२०च्या दशकात आई-वडिलांसाठी जिनिव्हा सरोवराकाठी छोटं घर बांधलं. समोर एवढं पाणी, तरी बागेत मुद्दाम भिंत घातली आणि तिला एक चौकोनी झरोका ठेवला, त्यापाशी टेबल. तेवढ्या चौकटीतलं सरोवर बघत माणूस बसून राहतो.

म्हणून आधी चालणं आख. गाडीतून उतरल्यावर नुसता लाटांचा आवाज येऊ दे. मग बंद भिंतीच्या कडेने वाट, वळणावर एक उभी फट, तिच्यात निळी रेघ. प्रवेश ठेंगणा, थोडा अंधारा. तिथून वळलं की बैठक, आणि तिथे मात्र हात आखडू नकोस. जिना समुद्राकडे तोंड करून चढेल असा ठेव. पायरीगणिक क्षितिजही आपल्याबरोबर वर येतं.

आता तुझ्या सेक्शनकडे, म्हणजे घराच्या उभ्या छेदाच्या नकाशाकडे येतो. क्षितिज कायम बघणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर असतं. खुर्चीत बसलेल्याचे डोळे फरशीपासून साधारण ११० ते १२० सेंटिमीटरवर. तुझा कठडा ११०चा, तोही भरीव! म्हणजे बैठकीत टेकलेल्या माणसाला आभाळ दिसेल, पाणी जवळजवळ नाहीच. बाहेरची गच्ची तीन पायऱ्या, म्हणजे ४५ सेंटिमीटर खाली घे; आतल्या फरशीवरून कठडा ६५चाच उरतो. भरीव कठड्याऐवजी बारीक उभ्या सळ्या घे, म्हणजे गच्चीत बसलेल्यांनाही पाणी दिसेल. (काचेचा कठडा सुचवशील. खारा थर रोज कोण पुसणार?)

चकाकीचाही विचार कर. पाण्यावरून परावर्तित झालेलं ऊन छज्ज्याला जुमानत नाही, ते खालून येतं. सिडनी ऑपेरा हाउसवाल्या यॉर्न उत्झोनने स्पेनच्या मायोर्का बेटावरच्या समुद्रकड्यावर स्वतःसाठी ‘कान लिस’ हे घर बांधलं, त्यात खिडक्यांच्या चौकटी जाड भिंतीच्या बाहेरच्या अंगाला बसवल्या. आतून चौकट दिसतच नाही, आणि खोल कडेवर उजेड मवाळ होतो. तुझी पश्चिमेची काच निम्मी कर, उरलेलीला सरकत्या झडपा दे. घर आठवडाभर बंद असतानाही त्या वाऱ्या-पावसाला आडव्या येतील.

ओल्या पायांची वाट वेगळी हवी: वाळू, नळ, टॉवेल, मग न्हाणीघर. बैठकीतून नको.

पुढच्या वेळी प्लॅनआधी सेक्शन पाठव. त्यात उभी माणसं नकोत. एक खुर्चीतलं आणि एक पलंगावर उशीला टेकलेलं काढ, आणि दोघांच्या डोळ्यांपासून समुद्रापर्यंत रेघ ओढ.