जागा दिली की ठेवली?

(आलेल्या पत्राचा सारांश : ‘मी खानापूर तालुक्यात मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक आहे. मुलगा सेकंड पीयूसी (बारावी) कॉमर्स 71 टक्क्यांनी पास झाला. माझे मेहुणे बेळगावात असतात. दोन लॉज, एक मंगल कार्यालय. प्लॉट किती आहेत ते त्यांच्या बायकोलाही ठाऊक नाही, इतके ते अबोल. मुलानेही असाच गाजावाजा न करता जागांत पैसा घालणारा हॉटेलमालक व्हावं, असं आम्ही ठरवलं आहे. त्यासाठी कोणता कोर्स घ्यावा?’)

गुरुजी, नमस्कार.

तुमचं पत्र चार पानांचं आहे. त्यातली जवळजवळ तीन पानं मेहुण्यांवर खर्ची पडली आहेत. मुलाबद्दलच्या ओळी मी मोजल्या, नऊ भरल्या. त्यातल्या दोन मार्कांच्या आणि एक तो वेळेवर जेवत नाही याची. ‘आम्ही ठरवलं आहे’ असं तुम्ही तीनदा लिहिलंत, पण त्या ‘आम्ही’त तो बसलाय का, ते कुठेच कळत नाही.

तुमची सलही दिसते. ‘जन्मभर पगाराच्या तारखेकडे बघत काढली, पोरानं तरी मालक व्हावं,’ हे वाक्य तुम्ही मनापासून लिहिलंय आणि ते मला समजतं. सणाला मेहुण्यांची गाडी दारात लागली की घरातलं वातावरण बदलतं, बायको माहेरचं जरा जास्तच बोलते, हेही तुम्ही लिहून गेलात. पण गुरुजी, ही तुमची आणि मेहुण्यांची गोष्ट झाली. तिचा हिशेब अठरा वर्षांच्या मुलाने का चुकता करायचा?

हे सगळं मी एरवी हळूहळू सांगितलं असतं. पण तिसऱ्या पानाच्या तळाशी एक मजकूर आहे, तो वाचून मी चहा बाजूला ठेवला. ‘गेल्या महिन्यात त्याला अठरा पूर्ण झाली, तेव्हा मामांनी सबरजिस्ट्रार ऑफिसात नेऊन एक प्लॉट त्याच्या नावावर केला. पैसे त्यांचेच. सध्या कुणाला बोलू नका म्हणाले. एवढा जीव आहे त्यांचा.’

जीव असेलही. पण कोर्सचं आपण नंतर बोलू, आधी हे.

पैसे एकाचे, नाव दुसऱ्याचं आणि फायदा पहिल्याचाच, याला कायद्यात बेनामी व्यवहार म्हणतात. कायदा 1988 चा. त्याला दात आले ते 1 नोव्हेंबर 2016 पासून, दुरुस्ती लागू झाल्यावर. मालमत्ता सरकारजमा होऊ शकते, एक ते सात वर्षं सक्तमजुरी होऊ शकते आणि वर बाजारभावाच्या 25 टक्क्यांपर्यंत दंड. शिक्षा फक्त पैसे घालणाऱ्याला नाही, ज्याचं नाव वापरलं त्यालाही आहे. आपल्या उघड कमाईतून बायकोच्या किंवा पोटच्या मुलाच्या नावावर जागा घेतली तर ती बेनामी धरत नाहीत. उद्या तुम्ही पीएफमधून मुलाच्या नावावर प्लॉट घेतलात तर कुणी बोट दाखवणार नाही. मामा-भाच्याला मात्र ही सूट नाही.

लगेच घाबरून जाऊ नका. मामांनी ती जागा खरोखर त्याला देऊन टाकली असेल तर त्यात वावगं काही नाही. मामाने भाच्याला दिलेल्या बक्षिसावर आयकरही लागत नाही. आयकराच्या ‘नातेवाईक’ या व्याख्येत आईचा भाऊ येतो. तेव्हा मेहुण्यांना समोर बसवून एवढंच विचारा : जागा दिली, की ठेवली? उद्या पोराने ती विकून स्वतःची फी भरली तर चालेल का? ‘हो, त्याचीच आहे’ असं उत्तर आलं तर चांगल्या वकिलाकडे जाऊन तसं कागदावर आणा. ‘अरे, तसं नव्हे, ती आपलीच आहे, वेळ आली की बघू’ असं आलं, तरी वकिलाकडेच जा. फक्त तो वकील मेहुण्यांचा नसावा.

आता तुम्ही विचाराल, कुणाला कळणार आहे? सगळ्यांना. 30 लाख किंवा त्यावरच्या खरेदी-विक्रीची माहिती सबरजिस्ट्रार आयकर खात्याला कळवतो. आपल्याकडे कर्नाटकात कुणाच्याही शेतजमिनीची पहाणी (म्हणजे सातबारा) सरकारच्या ‘भूमी’ वेबसाइटवर घरबसल्या बघता येते, आणि 2024 पासून पहाणीला आधार जोडण्याचं काम सुरू झालंय. म्हणजे मामीला माहीत नसलेलं तलाठ्याला माहीत आहे. उत्पन्न शून्य आणि नावावर प्लॉट, अशा मुलाला उद्या नोटीस आली तर ती तुमच्या घराच्या पत्त्यावर येईल, लॉजच्या नव्हे.

दुसरं. तुम्ही सहज लिहून गेलात, ‘कागद कन्नडमध्ये होता, मामांनी त्याला समजावून सांगितलं.’ शिक्षकाच्या मुलाने न वाचता सही केली! सीमाप्रश्नावर तुमचं-माझं मत एकच असेल. पण जागेच्या धंद्यात उतरणाऱ्याला पहाणी, फेरफार, ग्रामपंचायतीचा नऊ-अकराचा उतारा, ई.सी. (जागेचे आधीचे व्यवहार आणि बोजा दाखवणारा दाखला) हे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून चालत नाही. माझ्या वडिलांनी 1990 च्या सुमारास असाच एक ‘समजावून सांगितलेला’ प्लॉट घेतला. एनए (बिनशेती) झालेला नव्हता, लेआउट मंजूर नव्हता, आणि खरेदीपत्रात लिहिलेला वीस फुटी रस्ता अजून फक्त खरेदीपत्रातच आहे. तिथं आमच्या शेजाऱ्यांची म्हैस बांधतात. वडिलांना मराठी उत्तम येत होतं, मोडीसुद्धा.

आता मेहुण्यांच्या ‘अबोल मालका’बद्दल. त्यांनी मुलाला लंडनच्या जुळ्या भावांचा व्हिडिओ पाठवला आणि ‘असं राहायचं, नाव नाही, फोटो नाही’ म्हणाले, असं तुम्ही लिहिलंय. ते डेव्हिड आणि फ्रेडरिक बार्कले. 1934 चा जन्म, सुरुवात जुन्या बोर्डिंग हाउसांची हॉटेलं करण्यापासून. 1993 साली ब्रेकू नावाचं चिमुकलं बेट घेऊन तिथं वाडा बांधला, 1995 मध्ये लंडनचं रिट्झ हॉटेल घेतलं, 2004 मध्ये डेली टेलिग्राफ. मुलाखती देत नसत, हे खरं. व्हिडिओ बहुतेक तिथंच संपतो. पुढचं मी सांगतो. 2020 मध्ये फ्रेडरिक सख्ख्या पुतण्यांवर कोर्टात गेले, कारण त्याच रिट्झमध्ये त्यांचं बोलणं महिनोन्‌महिने चोरून रेकॉर्ड झालं होतं. 94 तासांचं. रेकॉर्डरला हात लावणाऱ्या पुतण्याचं सीसीटीव्ही चित्रण कोर्टातून बाहेर आलं आणि जगाने पाहिलं. पुढच्या वर्षी तडजोड झाली. त्याआधीच, 2020 मध्ये, रिट्झ विकलं गेलं होतं, आणि 2023 मध्ये थकलेल्या कर्जापोटी टेलिग्राफ लॉइड्‌स बँकेने ताब्यात घेतलं. गैरसमज इथं आहे : त्यांचा पैसा गुपितातून आला असं मेहुण्यांना वाटतं. तो आला पडीक इमारत कुठली आणि तिचं काय करता येईल हे ओळखण्यातून, आणि बँकेच्या कर्जातून. बँकेपुढे कुणी अबोल राहत नाही. तिथं ताळेबंद उघडून बसावं लागतं. फोटो न काढणं हा स्वभाव झाला. स्वतःच्या बायकोला मालमत्ता न सांगणं हे निराळंच काही आहे, आणि त्याचा कोर्स नसतो. असलाच तर तुमच्या मुलाची पहिली फी भरून झालीय.

आता तुमच्या त्या नऊ ओळी. त्यातल्या एका ओळीत तक्रार आहे : ‘डिसेंबरात अभ्यास सोडून मामांच्या लॉजवर जाऊन बसला आणि वहीत कुठली खोली किती दिवस रिकामी राहिली ते लिहीत बसला.’ वहीच्या एका पानाचा फोटोही तुम्ही पाठवलात, पोरगा कसा वेळ घालवतो याचा पुरावा म्हणून. मी तो मोठा करून पाहिला. ‘207, 11 दिवस रिकामी, गीझर बंद.’ खाली, ‘अधिवेशनात सगळं फुल्ल, संपलं त्या रात्री 14 रिकाम्या.’ आणि पानाच्या कडेला, ‘एमएलआयची (मराठा लाइट इन्फंट्रीची) परेड असली की आई-वडील आदल्या रात्री येतात, त्यांना पहाटे चहा पाहिजे, कॅन्टीन सातला उघडतं.’

गुरुजी, हा वेळ घालवणं नव्हे. सुवर्णसौधमधल्या, म्हणजे कर्नाटकच्या बेळगावातल्या विधानभवनातल्या, अधिवेशनाच्या दिवसांत बेळगावात खोली मिळत नाही हे रिक्षावालाही सांगेल. पण अधिवेशन संपल्याच्या रात्री त्या 14 खोल्यांचं काय करायचं, हा प्रश्न हॉटेल चालवणाऱ्यालाच पडतो. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. अकरा रात्रींचं भाडं एका गीझरपायी गेलं आणि तुमच्या मेहुण्यांना त्याचा पत्ता नाही. तुमच्या मुलाला आहे. मामांना त्याची सही महत्त्वाची वाटली, वही नाही. तुम्हालाही नाही वाटली, म्हणून जरा कडक बोलतोय.

त्याला हॉटेल चालवायचं असावं असा माझा अंदाज आहे. मालकीचं त्याच्या डोक्यात आहे का, ते त्यालाच विचारा, आणि मामांच्या गैरहजेरीत विचारा. हो म्हणाला तर एनसीएचएम जेईई ही प्रवेश परीक्षा देऊन आयएचएममधली (इन्स्टिट्यूट ऑफ हॉटेल मॅनेजमेंट) तीन वर्षांची हॉस्पिटॅलिटीची बीएससी. गोव्यात पर्वरीला आहे, बंगळूरला आहे, मुंबईत दादरला आहे. यंदाचा फॉर्म गेला असेल तर बीकॉमला नाव घालून पुढच्या वर्षी द्या, आभाळ कोसळत नाही. जागांच्या व्यवहारातच रस निघाला तर सीए किंवा लॉ. पाच वर्षांच्या लॉसाठी बेळगाव सोडायचीही गरज नाही. ‘रिअल इस्टेट गुंतवणूकदार’ घडवण्याच्या जाहिराती करणारे दोन-तीन महिन्यांचे क्लास येतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका. तिथं पहाणी वाचायला शिकवत नाहीत, स्टेजवर टाळ्या वाजवायला शिकवतात.

माझं स्पष्ट मत विचाराल तर त्याने गोव्याला किंवा बंगळूरला जावं. मामांच्या लॉजपासून तीन वर्षं लांब, दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात कांदे चिरत आणि दुसऱ्याच्या रिसेप्शनवर रात्रपाळी करत. मेहुणे म्हणतील, ‘घरचं असताना नोकरासारखं कशाला राबायचं?’ तुम्ही तेव्हा गप्प बसाल अशी मला भीती आहे. तुमच्या पत्रात मेहुणे बोलतात तिथं तुम्ही कुठेच बोलत नाही.

तोवर एक काम. ज्या प्लॉटवर त्याचं नाव चढलंय त्याची ई.सी. काढायला त्यालाच पाठवा, एकट्याला. कागद घरी आला की तुम्ही दोघं बसा, आणि त्याने तो कन्नडमधून मोठ्याने वाचू दे. अडला तर तुमच्या शाळेशेजारी कन्नड शाळा असेलच, तिथल्या गुरुजींना चहाला बोलवा. प्लॉट आधी कुणाचा होता, त्यावर बोजा आहे का, किंमत किती दाखवलीय, हे लिहून मला कळवा. किमतीची रक्कम रोखीत दिली असेल तर तेही लिहा; 20 हजार किंवा त्याहून जास्त रोख घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, म्हणजे समोरची पार्टीही अडचणीत आहे.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू दे. वहीची बाकीची पानंही पाठवायला सांगा. 207 चा गीझर शेवटी कुणी दुरुस्त केला, हे मला जाणून घ्यायचंय.